देवापुढं राहिलेली दोरी

मोशीच्या चिमाजीला गावात कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे टोचनवाला म्हणत. रस्त्यात बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीला साखळीनं जोडून ओढत न्यायची, याला ड्रायव्हर मंडळी टोचन म्हणतात, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीपासून खेडपर्यंत हे काम करणारा माणूस त्या काळी एकच होता.

लॉरी यायच्या आधी तो हेच काम बैलांनी करी. इंद्रायणीकाठची काळी माती भिजली की मोटारीची चाकं तिच्यात अशी बसत की खाली नुसता लोण्याचा गोळा असावा. मग चिमाजीला बोलावणं येई. शहरातली साहेब माणसं बुटांना चिखल लागू नये म्हणून आतच बसून राहत आणि हा त्यांना मोटारीसकट ओढी. उतरा म्हटलं तर त्यांना राग येई. चिमाजी मग बैलांशी बोले, साहेबांना ऐकू जाईल अशा बेतानं, की बाबांनो, आज वजन जरा जास्त आहे.

लढाईच्या वर्षांत तो देहूरोडच्या लष्करी डेपोत खलाशी, म्हणजे अवजड सामान ओढणारा गडी होता. साखळी कुठं अडकवायची, कुठं अडकवली की माणूस मरतो, हे तो तिथं शिकला. लढाई संपली, डेपोतल्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या आणि एकोणपन्नास साली दारातल्या बैलांच्या दोन्ही जोड्या जाऊन तिथं एक लांब नाकाची लॉरी उभी राहिली. मागं लोखंडी हात, त्याला आकडा, बुडाला जाड लाकडी तुळई. त्याची बायको गोजाबाई बैलांसाठी तीन दिवस रडली. चौथ्या दिवशी तिनंच लॉरीपुढं नारळ फोडला. आवाजावरून गावानं लॉरीचं नाव म्हैस ठेवलं. खरं सांगायचं तर म्हैस इतकं ओरडत नाही. ती चालू असली की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नसे, मग मागच्याचं काय येणार.

आणि टोचनाच्या कामात मागचाच माणूस जोखमीवर असतो. पुढच्याकडं इंजिन असतं, ब्रेक असतो, सगळं जिवंत असतं. मागच्याच्या हातात एका मेलेल्या गाडीचं चाक. हॉर्न वाजत नाही, दिवा लागत नाही, ब्रेक लागला तर नशीब. मागं बसायचा चिमाजीचा धाकटा भाऊ ज्योतीराम. हात हलका, डोकं थंड, आणि थोरल्यानं सांगितलं की का म्हणून विचारायचं नाही, असा स्वभाव. चिमाजीला मूलबाळ नव्हतं. ज्योतीरामला बापाच्या मागं त्यानंच वाढवलं होतं आणि त्याच्यावर त्याचा जीव होता, हे मी वेगळं काय सांगू.

आवाजाच्या अडचणीवर तोड काढली ती ज्योतीरामची बायको कौशल्या हिनं. तिचं माहेर खेडच्या अंगाला. बाप घरच्या अंबाडीचे दोर घरीच वळायचा आणि ही लहानपणापासून त्याच्या हाताखाली बसलेली. तिनं एक बारीक, लांब दोरी वळली. एक टोक मागच्याच्या हातात, दुसरं पुढच्याच्या मनगटाला. मनगट काचू नये म्हणून त्या टोकाला तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळून शिवली होती. एक हिसका म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांब. आणि दोरी ओढून धरलेली सुटतच नसली, तर ब्रेक गेला, मला अंगावर घे. मग पुढच्यानं वेग बेतानं कमी करायचा, मागची गाडी आपल्या तुळईला अलगद टेकू द्यायची आणि दोघींचं वजन एकट्यानं पेलत थांबायचं. दोघा भावांनी असं चारदा केलं होतं. लोक साखळी बघायला जमत, पण खरं काम त्या दोरीचं होतं, आणि ते घरातल्या चौघांना माहीत होतं.

कौशल्या थोरल्या दिरापुढं उभी राहत नसे. पदर पुढं ओढून दाराआडून बोलायची, तेही गोजाबाईच्या मार्फत. घरोघर तशीच रीत. पण दोरीचं कौतुक चिमाजी मुद्दाम मोठ्यानं करी, दाराआड ऐकू जावं म्हणून.

त्रेपन्न सालची खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते आणि पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं. चिमाजीनं पहाटे लॉरी धुतली, झेंडूचा हार घातला. गोठ्याची आता शेड झाली होती, तिथं पाट मांडून साखळी, आकडे, पाने, जॅक आणि शेवटी गुंडाळून ती दोरी ठेवली. कौशल्येनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं.

दिवस कासराभर वर आला तसे चाकणचे कांद्याचे व्यापारी दौलतराव दारात आले. त्यांची साठवणीच्या कांद्यानं भरलेली ट्रक चिंबळीच्या पलीकडं बंद पडली होती. ड्रायव्हर सामान आणायला एसटीनं पुण्याला गेलेला. ऑक्टोबरचं ऊन, ताडपत्रीखाली कांदा शिजायला लागला होता. ट्रक निदान मोशीपर्यंत ओढून आणायची होती. चिमाजीनं आधी साफ नाही म्हटलं. दौलतराव ओट्यावर बसून राहिले. बैलांच्या वेळेपासूनची ओळख, माणूस सज्जन. तासाभरानं चिमाजी विरघळला.

शेडमध्ये जाऊन त्यानं हात जोडले, देवाची माफी मागितली आणि साखळी उचलली. साखळीशिवाय चालणारच नव्हतं. आकडा उचलला, पाने उचलले, जॅक उचलला. पाट रिकामा होत चालला तसा त्याचा हात जड होत गेला. सगळीच पूजा मोडली तर देवापुढं राहणार काय? उरली होती फक्त दोरी. वजन नसलेली, एवढीशी. तिच्यावरचं कुंकू अजून ओलं होतं. चिमाजीनं ती तिथंच राहू दिली. चार मैलांचं तर काम, असं तो मनाला म्हणाला. त्या घडीला त्याला वाटलं की आपण देवाचंही राखलं आणि माणसाचंही.

ट्रकला साखळी जोडून झाल्यावर ज्योतीराम खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "दादा, दोरी?"

"पुजंत हाय. येक तरी हत्यार देवाम्होरं राहू दे. सावकाश जाऊ."

ज्योतीराम हसला आणि त्यानं हात आत घेतला. कांद्याच्या पोत्यांवरून आवळलेला दोर त्या ट्रकवर शंभर हात तरी होता. त्याचा तुकडा तोडून घ्यावा हे दोघांनाही सुचलं नाही. चिमाजीला ते सुचलं नंतर, आणि मग रोज सुचत राहिलं.

चिंबळी सोडली की रस्ता नदीकडं उतरतो. त्या उतारावर ट्रकचा ब्रेक गेला. ज्योतीराम ओरडला असेल, दारावर हात आपटले असतील, पण म्हैस आपल्या नादात ओरडत होती. वेग घेतलेल्या ट्रकनं साखळी ढिली केली, ढिली साखळी ट्रकच्याच पुढच्या चाकाखाली गेली आणि ट्रक आडवी होऊन नाल्यात कोसळली. चिमाजीला कळलं ते साखळीचा हिसका बसला तेव्हा. ज्योतीराम चाकामागं चेपला होता. पोती हलवून त्याला बाहेर काढायला आजूबाजूच्या शेतातले दहा जण लागले. जीव तेव्हाच गेला होता.

दुपारी मयत घरी आणलं. अंगण भरलं होतं. पाटील, शेजारी, भाऊबंद सगळे विचारत होते, असं झालंच कसं, दोरी होती ना तुमच्याकडं? चिमाजीनं वर पाहिलं. दाराच्या चौकटीत कौशल्या तीन वर्षांची शालन कडेवर घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तीही तेच विचारत होती.

"तुटली," चिमाजी म्हणाला.

एकच शब्द. तो आधी जुळवून ठेवलेला नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं एवढंच सांगू शकतो. तोंडातून निघाला आणि अंगणभर झाला. कुणीतरी लगेच म्हणालं, बाईमाणसाच्या हातची दोरी, ती टिकणार किती. कौशल्येनं शालनला खाली ठेवलं आणि आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले. कुणाचं तरी काहीतरी त्या हातांना लागलं असावं, तसे बघितले. चिमाजीनं ते पाहिलं. तेव्हाच बोलायचं होतं. तो नाही बोलला.

बायका मयताभोवती बसल्यावर तो शेडमध्ये गेला, पाटावरची दोरी उचलली आणि लॉरीच्या बैठकीखालच्या पेटीत, तेलकट चिंध्यांच्या तळाशी ठेवली.

पुढं त्यानं धंदा बंद केला नाही. मराठवाड्याकडून आलेला हिंदुराव नावाचा ड्रायव्हर पुढं बसवला आणि स्वतः मागं, मेलेल्या गाडीत बसायला लागला. दोरी आता पुण्याच्या बाजारातून आणलेली, सुती. पिंपरीला कारखाने येऊ लागले होते, रस्त्यावर गाड्या वाढत होत्या, बंद पडणाऱ्याही वाढत होत्या. लोक म्हणत, भावाच्या मागं बघा कसा वागतो, नोकराला पुढं बसवतो आणि आपण जोखीम घेतो. चिमाजी ऐकून घेई आणि विडी पेटवी. उतार लागला की दर वेळी त्याला वाटे, आता ब्रेक जावा. पण गेला नाही.

घरात त्यानं काही कमी पडू दिलं नाही. शालनला पहिला घास, कौशल्येला लुगडं गोजाबाईच्या आधी. अशानं काही फिटत नाही हे त्याला कळत होतं. कारण कौशल्या त्याच्या डोळ्यांसमोर वाळत होती, आणि ती नवऱ्याच्या दुःखानं वाळत होती असं इतरांना वाटत होतं.

तिनं दोराला हात लावणं सोडलं. विहिरीवर गेली तर पोहरा दुसरीला सोडायला सांगे. गाय बांधायची तर गोजाबाईनं. शेजारी बारसं असलं की पाळण्याच्या खोलीत पाऊल टाकत नसे. एकदा गोजाबाईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली की माझ्या हाताला यश नाही, जाऊबाई, माझ्या हातानं एक माणूस गेलं. गोजाबाईनं हे नवऱ्याला सांगितलं, सांगताना ती रडली. चिमाजी म्हणाला, तिला समजाव. आणि उठून बाहेर गेला.

मी चिमाजीला वाईट माणूस म्हणणार नाही, पण त्या दिवशी तो उठून बाहेर गेला याचा मला राग येतो. सांगायला तोंड कितीदा उघडलं असेल. दाराआडच्या बाईशी बोलायची रीत नाही, ही सबब तर रोज तयार होती. सांगितलं तर ती शालनला घेऊन माहेरी जाईल ही भीती होती. गावाच्या तोंडाची भीती होती. आणि सगळ्यांच्या खाली ही, की सांगितल्यावर भाऊ पुन्हा एकदा मरेल, आणि या खेपेला आपल्या हातानं. त्या सगळ्यांपुढं एका बाईचे हात काय, असा हिशेब त्यानं केला नव्हता, पण झाला होता तसाच. सहा वर्षं झाला होता.

एकोणसाठ सालची नागपंचमी. मोशीत त्या दिवशी पोरी नदीकडच्या चिंचांना झोके बांधतात. आणि त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, विळा-विळीला हात लावायचा नाही. जमिनीतल्या जिवाला इजा नको म्हणून. बायका त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाहीत, सगळं उकडून खातात, इतकं पाळतात.

शालन नऊ वर्षांची झाली होती आणि जन्मात झोक्यावर बसली नव्हती. आईनं शपथ घातली होती. पण आई घरात पुरणाची दिंडं उकडत होती, झोके नदीवर होते आणि पोरींचं गाणं घरापर्यंत ऐकू येत होतं. ती पळाली. चिमाजी चिंचेच्या पलीकडं रस्त्याकडेला हिंदुरावबरोबर लॉरीचं चाक बदलत होता. त्यानं शालनला झोक्यावर चढताना बघितलं आणि त्याला बरं वाटलं. चांगलं उंच गेलं पोर.

मग त्यानं कौशल्येला येताना बघितलं. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही, हातात कापणीचा विळा. पोरी बाजूला झाल्या. तिनं धावत्या झोक्याला मिठी मारून तो थांबवला, शालनला खाली ओढलं आणि विळ्यानं झोक्याचा दोर कापायला सुरुवात केली. एक बाजू तुटली. मग दुसरी. बायका ओरडल्या की अगं पंचमी आहे, आज धार चालवतेस, येड लागलं का तुला. ती कापतच राहिली. दुसऱ्या कुणी वळलेला चांगला नवा दोर, तो खाली पडला तरी ती त्याचे तुकडे करत होती. शालन भेदरून उभी होती. एक म्हातारी म्हणाली, "हिच्याच दोरीनं नवरा खाल्ला, आता लेकराला काय करती बघा."

चिमाजीनं हातातला पाना टाकला. तो लॉरीकडं गेला. बैठक उचलली, पेटी उघडली, चिंध्या बाहेर फेकल्या. हिंदुरावला वाटलं मालक कपडा शोधतायत. चिमाजी दोरी घेऊन चिंचेखाली आला. सगळ्या गावाच्या बायका होत्या, पारावरचे पुरुषही गलका ऐकून आले होते. तो कौशल्येपासून चार हातांवर थांबला. आयुष्यात पहिल्यांदा तिचं नाव घेऊन बोलला.

"कौशल्या, तुझी दोरी तुटली न्हवती."

तिनं वर बघितलं. त्यानं दोरी दोन्ही हातांनी पुढं धरली. हिरव्या लुगड्याची पट्टी तेलानं काळी पडली होती, पण शिवण तशीच होती. एका जागी कुंकवाचा डाग होता.

"ही त्या दिवशी गाडीत न्हवतीच. मी पुजंत ठिवली हुती. ज्योत्यानं इचारलं मला, दोरी कुटं हाय म्हणून. मी म्हनलं, राहू दे."  गावाकडं वळून त्यानं तेच पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं, कुणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको म्हणून. "मी खोटं बोललो. हिच्या हातात काय खोट न्हाई."

कौशल्येनं विळा टाकला. दोरी घेतली. तिची पंधरा-सोळा हात लांबी ती बोटांतून सोडत गेली, पीळ न पीळ तपासत, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत. मग मधोमध दोन्ही मुठी आवळून तिनं ती ताणली. सगळ्या अंगाचा जोर लावून ताणली, मान थरथरली. दोरी तशीच राहिली.

"ही मनगटाला असती," ती म्हणाली, "तर तुमी त्येंला अंगावर घेतलं असतं."

"व्हय."

"सहा वरसं, दादा."

  मग कौशल्या खाली बसली. कापलेल्या दोराचे तुकडे तिनं मांडीवर ओढले, टोकं उकलली, एकात एक गुंफली आणि तळव्यांत घेऊन पीळ द्यायला लागली. सहा वर्षांत हात विसरले नव्हते. झोका पुन्हा बांधायला तासभर गेला. ती स्वतः आधी त्यावर उभी राहिली, दोनदा जोरात दणका दिला, मग शालनला बसवलं. पोरगी भिऊन रडत होती. आईनं झोका दिला तसं रडू थांबलं.

गावानं चिमाजीला काय काय बोलायचं ते बोलून घेतलं. दौलतरावांनीही बोलणं टाकलं. गोजाबाई घरात राहिली, पण आठ दिवस नवऱ्याच्या पुढ्यात ताट आपटत होती. कौशल्या माहेरी गेली नाही. तिनं त्याच अंगणात आपली चूल वेगळी मांडली आणि दोर वळायला सुरुवात केली. शेंदायचे, गुरांचे, पाळण्यांचे दोर भोसरीहून, चऱ्होलीहून लोक न्यायला येत. चिमाजी अंगणातून जाताना दिसला तर ती आता पदर ओढत नसे. आणि बोलतही नसे.

दोन महिन्यांनी खंडेनवमी आली. चिमाजीनं लॉरी धुतली, हार घातला. सहा वर्षांत त्यानं पूजा अशी केलीच नव्हती, नुसतं पाण्याचं बोट लावून मोकळा व्हायचा. या वर्षी पाट मांडला. साखळी ठेवली, आकडे ठेवले, पाने, जॅक. मग सुती दोरी आणायला तो लॉरीपाशी गेला. सुती दोरी जागेवर नव्हती. पायरीवर नवी अंबाडीची दोरी गुंडाळून ठेवली होती. अजून तिला अंबाडीचा वास येत होता. एका टोकाला हिरवी पट्टी शिवलेली.

गोजाबाई शेडच्या दारात उभी होती. "तिनं सांगितलंय," ती म्हणाली, "ही पुजंत ठिवायची न्हाई."

चिमाजीनं दोरी उचलली. कौशल्येच्या चुलीकडं बघितलं तर ती पाठमोरी बसून पीठ मळत होती. त्यानं हिरवी पट्टी उजव्या मनगटाला बांधली, गाठ दातांनी आवळली आणि पाटापुढं बसून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी कुणाची गाडी अडली नाही आणि कुठं जायचंही नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत त्यानं ती दोरी मनगटाची सोडली नाही.